सरळ केलेले डोंगर

"ताई, एवढा फोटो जरा फिरवून द्या." हे वाक्य मी पंचवीस वर्षांत इतक्यांदा ऐकलं, की गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच त्याच्या हातातल्या पाकिटावरून मला ते ऐकू यायचं. त्यातल्या ‘जरा’ या शब्दाशी माझं कधीच पटलं नाही. फिरवायचं आम्ही आणि जरा म्हणायचं त्यांनी, असा तो व्यवहार होता.

कसबा पेठेत, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर माझं टायपिंगचं दुकान होतं. एक खोली, दोन टेबलं आणि भिंतीला टेकवलेल्या कागदांच्या रिमांची चळत. सकाळी नऊला तांब्याच्या पातेल्यांवर ठोके सुरू व्हायचे आणि इकडे माझी बोटं चालू व्हायची. नवी माणसं विचारायची, "या आवाजात काम कसं करता?" मला उलट सोमवारी, ठोके बंद असले की चुका व्हायच्या. सुरुवातीला टाइपरायटर होता, मग गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले तेव्हा मीही टाइपरायटरवर कापड घातलं आणि संगणक घेतला. हिंजवडीकडे काचेच्या इमारती उठत होत्या. तिकडे नोकरी मागायला जाणारी मुलं आपली माहितीपत्रकं टाइप करायला आमच्या पेठेत येत होती. पण माझं खरं काम प्रबंधांचं. पीएच.डी. करणाऱ्यांच्या संसारात तेव्हा बायको, मार्गदर्शक आणि टायपिस्ट अशी तीन माणसं असायची, आणि शेवटच्या महिन्यात टायपिस्टचा नंबर पहिला लागायचा.

टाइपरायटरच्या काळात चित्राची भानगड नव्हती. जागा कोरी सोडायची, फोटो ज्याचा त्यानं डिंकानं चिकटवायचा. संगणक आला आणि चित्र पानातच बसायला लागलं. लोकांना वाटलं, आता सगळं सोपं झालं. त्या वेळच्या प्रोग्रॅममध्ये चित्र मोठं करता यायचं, लहान करता यायचं, इकडे तिकडे सरकवता यायचं. फिरवता मात्र यायचं नाही. फिरवायचं तर ते चित्र दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडायचं, तिथे फिरवायचं, जतन करायचं, परत यायचं, आधीचं काढायचं, नवं घालायचं. तोवर खालचा मजकूर रुसून पुढच्या पानावर गेलेला असायचा आणि त्याची समजूत काढण्यात अर्धा तास जायचा.

त्यातही आडवं चित्र उभं करणं सोपं. थोडंसं, चार-पाच अंशांनी फिरवणं हे खरं किचकट. चित्र तिरकं झालं की चारही कोपऱ्यांत पांढरे त्रिकोण उरतात. ते दिसू नयेत म्हणून कडा कापाव्या लागतात. कापलेलं परत येत नाही. हार्ड डिस्क एवढीशी, म्हणून जुन्या फाइलवरच नवी फाइल जतन करायची माझी सवय होती. ही सवय लक्षात ठेवा, पुढे तिनंच माझा जीव टांगणीला लावला.

एका आईनं मुलाच्या लग्नासाठी फोटो आणला होता. मुलगा गादीवर लोडाला रेलून बसलेला. "याला जरा ताठ करा," म्हणाल्या. मी म्हटलं, "मुलगा ताठ होईल, पण लोड हवेत जाईल." त्या म्हणाल्या, "लोडाकडे कोण बघतंय?" मी फिरवला. मुलगा ताठ झाला, लोड तिरका, मागची खिडकीही पडायच्या बेतात. चार महिन्यांनी पेढे आले. म्हणजे लोडाकडे खरंच कुणी बघितलं नव्हतं.

आणि एक कोथरूडचे निवृत्त गृहस्थ होते, त्यांच्या सोसायटीचे सचिव. सोसायटीचा वार्षिक अहवाल माझ्याकडे व्हायचा. मुखपृष्ठावर झेंडावंदनाचा फोटो होता. छापून दिल्यावर दुसऱ्या दिवशी ते दोन बस बदलून आले, अहवाल टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, वारा झेंड्याला लागतो. खांबाला नाही."

मी बघितलं. खांब खरंच झुकलेला होता. फोटो काढणाऱ्यानं कॅमेरा वाकडा धरला होता, चूक माझी नव्हती. पण ते म्हणाले, "चूक कुणाचीही असो, दिसायला आम्हीच वाकडे दिसतो." मी सगळ्या प्रतींची मुखपृष्ठं बदलून दिली. त्यांनी खिशातून छोटी पट्टी काढली, खांबाच्या कडेला लावून बघितली आणि "हं" म्हणाले. त्यांच्याकडून ‘हं’ मिळवणं ही सोपी गोष्ट नव्हती.

त्या दिवसापासून मला सरळ करायचं वेडच लागलं. कुठलाही फोटो आला की पडद्यावर पट्टी धरायची, वाकडा असला की सरळ करायचा. सांगायचंही नाही. न सांगता केलेलं काम जास्त शोभतं असं मला वाटायचं. गिऱ्हाइकानं घरी जाऊन बघावं आणि मनात म्हणावं, बाई कामाच्या पक्क्या आहेत. अशा अवस्थेत मी असताना वानखडे सरांचा प्रबंध माझ्याकडे आला.

वानखडे सर मूळचे अमरावतीकडचे. सातारच्या बाजूला एका लहानशा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. उंच, सडपातळ, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत कायम एखादा दगड. माझ्या टेबलावर दगड ठेवून म्हणायचे, "हा पाहा ताई, काय सुंदर आहे बाप्पा!" मला तो इतर दगडांसारखाच दिसायचा, पण मी "वा" म्हणायची.

त्यांचा विषय त्यांनी मला एकदा समजावून सांगितला होता. आपल्या सह्याद्रीतले खडक म्हणजे लाव्हाचे थर, एकावर एक, पुरणपोळ्यांच्या चळतीसारखे आडवे. सगळीकडे आडवेच असतात असं मानतात. पण सरांच्या कॉलेजमागच्या डोंगरांत ते आडवे नाहीत, एका बाजूला कललेले आहेत. आठ अंश, नऊ अंश. का कलले, कधी कलले, यावर सहा वर्षं ते ऊन डोक्यावर घेऊन हिंडले होते. सगळा प्रबंध त्या कलण्यावर उभा होता. विद्यापीठाची मुदत एकदा वाढवून झाली होती, आता वाढणार नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पाच बांधीव प्रती पोचल्या नाहीत, तर नोंदणी रद्द. कॉलेजनंही सांगून ठेवलं होतं, की पदवी नसेल तर जूनपासून दुसरा माणूस बघू. सरांच्या घरी दोन लहान मुली होत्या.

प्रबंध इंग्रजीत. दोनशे चाळीस पानं मी माझ्या या दहा बोटांनी टाइप केली. त्यात ‘थर कललेले आहेत’ या अर्थाचं वाक्य किमान साठ वेळा आलं असेल. टायपिस्टचं हे असं असतं. शब्द डोळ्यांतून शिरतात आणि बोटांतून बाहेर पडतात, मधे कुठे थांबतच नाहीत. मजकूर सरांनी तीनदा तपासला. फोटो शेवटच्या आठवड्यात आले, चौदा. मी ते स्कॅन केले आणि पडद्यावर पट्टी लावली. बघते तर काय, चौदाच्या चौदा वाकडे! दगडांच्या रेषा सगळ्या एका बाजूला उतरत गेलेल्या. मला सरांची कीव आली. डोंगर चढून दमलेला माणूस, कॅमेरा सरळ कसा धरणार? दोन दिवस बसून मी एकेक फोटो फिरवला, कडा कापल्या, रेषा न् रेषा आडवी केली. इतकं निगुतीनं काम मी आयुष्यात केलं नसेल. मग जाड कागदावर फोटोंच्या पानांचे पाच संच छापले आणि गुरुवारी सकाळी उघडताच ते बांधणीला देऊन आले.

बांधणीचे रफीकभाई. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं काम चालायचं, त्यांच्या आजोबांपासून. त्यांना मराठी, उर्दू वाचता यायचं, इंग्रजी अजिबात नाही. तरी पुण्यातले निम्मे इंग्रजी प्रबंध त्यांच्या हातून शिवून गेले असतील. त्यांची एक रीत होती. आडवं चित्र उभ्या पानावर बसवताना त्याचं डोकं नेहमी शिवणीकडे हवं, पाय बाहेरच्या कडेला. म्हणजे वाचणाऱ्यानं पुस्तक एकाच बाजूला वळवलं की चित्र सरळ. टायपिस्ट मंडळी हे नेहमी चुकवायची, म्हणून शिवण्याआधी रफीकभाई चित्राचं प्रत्येक पान हातात घेऊन बघायचे. अक्षर कळत नसल्यामुळे ते माणूस शोधायचे, झाड शोधायचे, आणि त्यांचं डोकं कुठे आहे त्यावरून पान लावायचे.

साडेदहाला सर आले. प्रमाणपत्राच्या पानांवर सह्या केल्या, आपले मूळ फोटो पाकिटात घालून घेतले. दुपारी कॉलेजात तास होता, म्हणून स्वारगेटला निघाले. "उद्या दुपारी येतो ताई, प्रती घेऊन सरळ विद्यापीठात." फोटोंची पानं बांधणीला गेल्याचं मी सांगितलं. "तुमच्या हातचं काम, पाहायचं काय त्यात," ते म्हणाले. मला कोण आनंद झाला.

ते गेले आणि दहा मिनिटांत रफीकभाई दुकानात आले. ते कधी दुकानात यायचे नाहीत, निरोप पाठवायचे. हातात फोटोचं एक पान होतं. ते त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"ताई, हा माणूस पडेल."

फोटोत सरांच्या कॉलेजचा शिपाई हातात मोजपट्टी धरून उभा होता, खडक केवढा आहे ते कळावं म्हणून. खडक झकास आडवा होता. शिपाई मात्र एका अंगावर कलला होता, मागचं बाभळीचं झाडही त्याच्याबरोबर.

"डोंगराच्या उतारावर उभा असेल तो," मी म्हटलं.

"उतारावरचा माणूसपण सरळच उभा राहतो, नाही तर गडगडेल. आणि अहो, सगळ्याच फोटोंत? ह्यात बघा झाड. ह्यात विजेचा खांब. मला लावता येईना, डोकं नेमकं कुठे म्हणू?"

मी ते पान हातात घेतलं आणि साठ वेळा टाइप केलेलं ते वाक्य पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं. थर कललेले आहेत. मी सहा वर्षांचं काम दोन दिवसांत आडवं केलं होतं. पान उलटलं की समोर लिहिलेलं, आठ अंशांचा कल, आणि खाली फोटो, त्यात खडक टेबलासारखा सपाट. परीक्षकानं बघितलं असतं तर एकच म्हणाला असता, हा माणूस खोटं बोलतो आहे. कोथरूडच्या गृहस्थांनी मला खांब बघून सरळ करायला शिकवलं होतं. आणि मी खांबाकडे न बघता खडक सरळ करून बसले होते.

संगणक उघडला. मूळ फाइली नव्हत्याच. प्रत्येकीवर मी माझी सरळ केलेली फाइल जतन केली होती. उलट्या दिशेनं फिरवून बघितलं, पण किती अंशांनी फिरवलं ते कुठे लिहून ठेवलं होतं? कडा तर कापलेल्याच. मूळ फोटो सरांच्या पिशवीत आणि पिशवी स्वारगेटला.

"पानं शिवू नका," एवढंच मी रफीकभाईंना म्हटलं आणि लुना बाहेर काढली.

कसब्यातून स्वारगेट म्हणजे शिवाजी रस्त्यानं नाकासमोर. तो रस्ता त्या दिवशी संपेचना. मंडईपाशी एक टेम्पो आडवा लागला होता आणि त्याचा ड्रायव्हर खाली उतरून कोथिंबिरीचा भाव करत होता. मी आयुष्यात रस्त्यावर ओरडलेली बाई नाही, त्या दिवशी ओरडले. तो म्हणाला, "काकू, कुणी आजारी हाय का?" मी "हो" म्हणाले. त्यानं लगेच टेम्पो बाजूला घेतला.

स्टँडवर साताऱ्याची गाडी लागलेलीच होती. दारात कंडक्टर उभा. "जागा हाय, बसा बाई." मी त्याला बाजूला सारून आत शिरले. सर खिडकीशी बसून शेंगदाणे खात होते. मला बघून त्यांचा हात तोंडापाशीच थांबला.

"काय झालं ताई? आग लागली का?"

"सर, खाली उतरा. तुमचे डोंगर मी सरळ केले."

त्यांना काही कळलं नाही. फलाटावर उभं राहून मी सगळं सांगितलं. शिपाई, बाभूळ, खांब, फाइली. मला वाटलं, आता हा माणूस चिडणार. चिडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांच्या हातातल्या पुडीतले शेंगदाणे एकेक करून खाली पडत होते. मागे गाडी सुरू झाली. कंडक्टर ओरडला, "मास्तर, येताय का न्हाय?"

"नाही येत बाप्पा," सर म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "मूळ फोटो आहेत ना माझ्यापाशी. चला. तुम्ही चालवा, मी मागे बसून पाकीट सांभाळतो."

वाटेत बूथवरून त्यांनी कॉलेजला फोन केला, तास घेता येणार नाही म्हणून. दुकानात पोचलो तेव्हा रफीकभाई पाचही संच टेबलावर ठेवून बसले होते. सरांनी पाकीट उघडलं आणि मी स्कॅनर सुरू केला. यंत्र आपल्या चालीनं चालायचं, एका फोटोला चांगली पाच-सहा मिनिटं घ्यायचं. सर एकेक फोटो माझ्या हातात देत होते. पहिला, दुसरा, तिसरा. आता खडक कललेला आणि शिपाई ताठ. दर फोटोला माझा श्वास थोडा थोडा खाली बसत होता. रफीकभाई प्रत्येक फोटो माझ्या आधी बघून घ्यायचे. "हा ठीक. हा ठीक. माणूस उभा आहे."

नववा फोटो त्यांनी दिला नाही.

"साहेब," ते म्हणाले, "हा तर तुमच्या मूळ फोटोतपण पडतोय."

सरांनी फोटो घेतला. हा त्यांचा सगळ्यांत आवडता फोटो. तळ्याच्या पलीकडचा उंच कडा, त्यात थर इतके स्वच्छ कललेले, की या फोटोनं त्यांनी चौथं प्रकरण सुरू केलं होतं. खाली मी टाइप केलेलं वाक्य होतं, की हा सगळ्यांत स्पष्ट पुरावा आहे. कड्याखाली काठावर एक गुराखी उभा होता, इवलासा.

"गुराखी काठीवर रेलला असेल," सर म्हणाले. आवाजात जोर नव्हता.

"असेल," रफीकभाई म्हणाले. "पण पाणीपण उतारावर थांबलंय, साहेब."

आम्ही तिघं त्या फोटोवर वाकलो. तळ्याच्या पाण्याची रेघ डावीकडून उजवीकडे उतरत गेली होती, वरच्या थरांइतकीच. सर हळूच खुर्चीवर बसले. त्या दिवशी काठावर चिखल होता, एक पाय दगडावर आणि एक खाली, असे उभे राहून त्यांनी तो फोटो काढला होता. तळं आडवं आल्यामुळे कड्यापर्यंत जाता आलं नव्हतं, म्हणून तिथला कल त्यांनी यंत्रानं मोजलेला नव्हता. फोटोवरूनच लिहिला होता. बाकीच्या तेरा ठिकाणी त्यांनी स्वतः यंत्र लावून मोजलं होतं, तिथे शंका नव्हती. इथले थर मात्र सह्याद्रीत इतरत्र असतात तसे आडवेच होते. वाकडा होता तो कॅमेरा.

"सहा वर्षं मी ह्या फोटोतले खडक पाहून राहिलो," सर म्हणाले. "पाणी नाही पाहिलं."

चौदांपैकी तेरा फोटो सरळ करून मी त्यांना बुडवायला निघाले होते, आणि हा एक नववा सरळ केला ते बरोबर केलं होतं. तेही न कळता. हसावं की रडावं मला कळेना. सरांनी माझ्या फोनवरून मार्गदर्शकांना सांगितलं. ते जुने, कडक प्राध्यापक. मग सर हसले. फोन ठेवून म्हणाले, "सर म्हणतात, फोटो काढून टाक, दोन परिच्छेद बदल, आणि मलाही दिसलं नव्हतं हे बाहेर सांगू नकोस." आता ते दोघंही निवृत्त आहेत, म्हणून सांगते आहे.

एक फोटो काढणं म्हणजे काय, ते प्रबंध टाइप करणाऱ्यालाच विचारा. दहाव्याचा नववा होतो, अकराव्याचा दहावा. यादीत बदल, मजकुरात जिथे जिथे ‘फोटो अकरा पाहा’ आहे तिथे तिथे बदल. सर वाचत गेले, मी बदलत गेले. एकदाही मी शब्द नुसते बोटांतून जाऊ दिले नाहीत. त्या दुपारी मला तो प्रबंध पहिल्यांदा समजला, आणि चांगला वाटला. तांबटांचे ठोके थांबले तेव्हा शेवटचं पान छापून झालं होतं. शुक्रवारी दोन वाजता रफीकभाईंनी पाच प्रती आणून दिल्या, सोनेरी अक्षरांच्या. चार वाजून वीस मिनिटांनी सरांनी विद्यापीठातून फोन केला. "प्रती पोचल्या ताई. पावती हातात आहे." मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकवून पाच मिनिटं तशीच पडून राहिले. इतकं हलकं मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही कामानंतर वाटलं नव्हतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी म्हणे फोटोंची पानं एकेक करून उलटली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "कॅमेरा सरळ होता हे कशावरून?" सर म्हणाले, "माणूस सरळ उभा आहे, सर. झाडही." परीक्षकांनी प्रबंध मिटला. पदवी मिळाली, जूनमध्ये नोकरीही पक्की झाली. हे सगळं सांगायला सर दोन्ही मुलींना घेऊन, पेढ्यांचे दोन पुडे आणि एक दगड घेऊन आले होते. एक पुडा रफीकभाईंना. दगड मला.

पुढे प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. चित्रावर टिचकी मारली की वर एक हिरवा ठिपका दिसायचा, तो धरून चित्र हवं तसं गरगरा फिरवता यायचं. आणि वाटलं तर एका बटणात जसं होतं तसं परत. ते बटण पहिल्यांदा दाबलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझी भाची एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मावशी, तू एका बटणासाठी रडलीस?" तिनं कधी स्वारगेटपर्यंत लुना हाणलेली नाही.

काढून टाकलेला तो तळ्याचा फोटो मी सरांकडून मागून घेतला. मोठा करून, काच लावून दुकानात टेबलासमोर टांगला, पण मुद्दाम वाकडा, तळ्याचं पाणी जमिनीला समांतर येईल इतका. पुण्यातल्या माणसाला भिंतीवरची वाकडी चौकट बघवत नाही. आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक बोलता बोलता उठायचं आणि ती सरळ करून जायचं. ते गेलं की मी पुन्हा वाकडी करायची. कोथरूडचे गृहस्थही एकदा आले, पट्टी काढून म्हणाले, "बाई, आमचा खांब सरळ करायला शिकलात, स्वतःची चौकट राहिलीच." मी म्हटलं, "काका, पाणी बघा." त्यांनी पाणी बघितलं. पट्टी खिशात ठेवली आणि "हं" म्हणाले.

दुकान बंद करून आता चार वर्षं झाली. चौकट घरी आणली आहे, आणि घरातलेही येता जाता तिला सरळ करतात. गेल्या महिन्यात रफीकभाई भेटायला आले होते. हात कापतात, शिवणकाम मुलाकडे दिलं आहे. चहा पिताना ते बराच वेळ भिंतीकडे बघत होते. चौकट नेमकी कुणीतरी सरळ करून ठेवलेली होती. त्यांनी कप खाली ठेवला, उठले, तिचा एक कोपरा खाली ओढला, दोन पावलं मागे सरकून बघितलं आणि परत येऊन चहा प्यायला लागले.

मी पाणी बघितलं. अगदी सपाट होतं.